बार्शी लाईटचं लातूर टोक: आधी वाघीण (मालडबा), मग इंजिन

माझ्या नव्या रेल्वे मॉडेलचा विषय पक्का झालाय. बार्शी लाईट रेल्वेचं लातूर स्टेशन, त्यातही मालधक्क्याची बाजू, आणि काळ १९४८ च्या आधीचा, म्हणजे निजामी अंमलातला. मित्रांनी शकुंतला सुचवली होती. मुर्तिजापूर-यवतमाळची शकुंतलाही ७६२ मि.मी. म्हणजे अडीच फुटी गेजची (गेज म्हणजे रुळाच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर), तीही कापसाचीच लाईन, आणि तिच्यावर लिहिलेलं नि छापलेलं बरंच सापडतं. पण ती वऱ्हाडाची. आमच्या भागातला कापूस, करडई आणि शेंगा ज्या अरुंद रुळांवरून बाहेर पडल्या ती लाईन सोडून दुसऱ्या कुठल्या लाईनवर एवढी वर्षं घालवायला माझं मन घेत नाही.

नव्या मंडळींसाठी थोडा इतिहास. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही लाईन उभी केली. १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला तुकडा सुरू झाला. १९०६ ला पंढरपूर जोडलं गेलं, १९११ ला गाडी लातूरला पोचली आणि १९२७ ला मिरजेला. १९५४ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. कुर्डुवाडी-लातूर मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर, ती याच मिरज-पंढरपूर-कुर्डुवाडी-लातूर वाटेने. गेज बदललं, वाट मात्र बरीचशी त्या जुन्या लाईनचीच.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे मॉडेल म्हटलं की आधी इंजिन ठरतं आणि बाकी सगळं त्याच्यामागे येतं. या लाईनच्या बाबतीत मला ते पटत नाही. कॅलथ्रॉपची खरी करामत वाघिणीत आहे. त्याने प्रत्येक आसावर जास्तीत जास्त पाच टन भार ही मर्यादा घातली आणि इंजिनापासून मालडब्यापर्यंत सगळं त्या एका आकड्यात बसवलं. आसावरचा भार कमी, म्हणून दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरला. रूळ हलका, म्हणून लाईन स्वस्तात झाली. पण चार आसांची बोगी वाघीण (दोन टोकांना दोन-दोन आसांच्या फिरत्या चौकटींवर बसवलेली) केली की भरलेल्या वाघिणीचं वजन वीस टनांपर्यंत नेता येतं. त्यासाठी दाबून घडवलेल्या पोलादाची चौकट लीड्स फोर्ज या कारखान्याकडून करून घेतली, खाली फॉक्स बोग्या. सगळ्या वाघिणींची चौकट एकच: २५ फूट लांब, ७ फूट रुंद. प्रवासी डबे ४० फुटी. अडीच फुटांच्या रुळावर सात फूट रुंदीचा डबा! गेजच्या जवळजवळ तिप्पट. म्हणून माझी पहिली वस्तू वाघीण. तिची मापं हातात आली की धक्क्याची लांबी, शेजारच्या दोन लाईनींमधलं अंतर, वळणाची त्रिज्या, सगळं आपोआप ठरत जातं.

प्रमाण १:८७ घेतलंय. ७६२ ला ८७ ने भागलं की ८.७६ मि.मी. येतात, आणि ९ मि.मी.चा रूळ बाजारात तयार मिळतो. इंग्रज हौशी लोक १:७६ मध्ये हाच ९ मि.मी. रूळ वापरतात, पण त्या प्रमाणात तो सव्वादोन फुटी गेज ठरतो. बार्शीची ती रुंद वाघीण तिथे उगाच आणखी फुगीर दिसेल. शिवाय ऑस्ट्रियातल्या बहुतेक अरुंद गेज लाईनी ७६० मि.मी.च्या, त्यामुळे तिकडच्या कंपन्यांची १:८७ ची चाकं, कपलिंगं, गिअर हे सगळं आपल्याला जवळजवळ तसंच चालतं. २५ फुटी वाघीण साडेसत्त्याऐंशी मि.मी. भरते, रुंदी साडेचोवीस. ४० फुटी डबा बरोबर १४० मि.मी.

रुळाच्या उंचीकडे मात्र नीट बघा, कारण इथे बहुतेक मॉडेलं फसतात. तयार रूळ साधारण २ मि.मी. उंच येतो. ८७ ने गुणा: १७-१८ सें.मी. आजच्या मेन लाईनवरचा ६० किलोचा रूळ १७२ मि.मी. उंच असतो. म्हणजे वीस टनी वाघिणीखाली आपण राजधानी धावणारा रूळ घालतोय. ३० पौंडी रूळ म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. यार्डासाठी मी १ मि.मी. उंचीचा रूळ घेतला आणि स्लीपरवर हाताने बसवतोय. काम किचकट आहे, सांधे फार जपून जोडावे लागतात, पण पहिली दीड फूट लाईन टाकून झाल्यावर कच्ची वाघीण वर ठेवली आणि एकदम बार्शी लाईट दिसली. डबा मोठा, खाली रूळ दोऱ्यासारखा. एवढा एक फरक पडला की बाकी रंगकाम नसतानाही ओळख पटते.

जुन्या स्टेशनच्या जागेच्या शोधाचं काम समांतर चाललंय. सर्व्हे ऑफ इंडियाचे पाव-इंची (मैलाला पाव इंच) नकाशे दोन लागतात, बार्शीकडचा ४७ एन आणि लातूरकडचा ५६ बी. पण खरी मदत शहरच करतं. लातूरचं आताचं स्टेशन बाहेर आहे, जुनं अरुंद गेजचं गावात होतं. रूळ गेले तरी पत्ता राहिलाय: दुकानांच्या पाट्यांवर आजही ‘जुनी रेल्वे लाईन’ असं लिहिलेलं असतं. त्या रस्त्याने सायकलवरून सावकाश जा. जुन्या गल्ल्या काटकोनात वळतात. हा रस्ता मात्र सलग, लांबलचक बाक घेतो. असा बाक बैलगाडीला लागत नाही, आगगाडीला लागतो.

माहितीचा दुसरा झरा म्हणजे अडतीतली जुनी माणसं. लातूरच्या बाजारपेठेत, गंजगोलाईजवळ एक आबा आहेत, वडिलांपासून हमाली-मापाडीचं काम. मी नकाशे घेऊन गेलो तर त्यांनी ते बाजूला सारले आणि फरशीवर खडूने वाघीण काढली. म्हणाले, “पोतं दारात टाकायचं नसतं बाबा. आधी दोन्ही टोकं भरायची, मग दाराकडं यायचं. दार आधी बुजलं की मधी कोण जाणार?” मग फळी कशी लावायची ते हाताने दाखवलं: एक टोक धक्क्यावर, दुसरं डब्याच्या उंबऱ्यावर, आणि फळीवर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, पाय घसरू नये म्हणून. त्या पट्ट्या आता माझ्या फळीवर आहेत, पाव मि.मी. जाडीच्या. अर्धी भरलेली वाघीणही आबांनी सांगितली तशीच दाखवणार: दोन्ही टोकांना पोत्यांच्या थप्प्या, मध्ये दारापाशी मोकळं.

काळ निजामी घेतल्यामुळे मांडणीत दोन गोष्टी येतात ज्या बार्शीच्या बाजूला आल्या नसत्या. बार्शी इंग्रजी मुलखात, लातूर हैदराबाद संस्थानात. संस्थानची जकात वेगळी, तिचं खातं करोडगिरीचं. म्हणून यार्डाच्या फाटकापाशी करोडगिरीचं एक छोटं दगडी नाकं ठेवतोय आणि बाहेर थांबलेल्या गाड्यांची रांग. दुसरी गोष्ट नाण्यांची. संस्थानात हाली सिक्का चाले आणि इंग्रजी रुपयाला कलदार म्हणत. अडत दुकानाच्या ओसरीवर भावाचा फळा लावणार आहे, त्यावर हाली आणि कलदार असे दोन रकाने. या प्रमाणात अक्षरं वाचता येणार नाहीत, रकाने दोन आहेत हे दिसलं तरी पुरे.

मॉडेलचा पाट २४०० बाय ४५० मि.मी. आहे, म्हणजे खऱ्यातले दोनशे मीटर. इंजिन पलीकडे काढायला एक लूप, एक मालधक्का, आणि एक साईडिंग (बाजूला काढलेली आडलाईन) जिनिंग-प्रेसिंगच्या आवारात. ही साईडिंग माझ्या कल्पनेतली आहे, हे आत्ताच स्पष्ट सांगतो. सरकी एका बाजूने, गाठी दुसऱ्या बाजूने निघाल्या की शंटिंगला (डबे मागेपुढे करून लावायला) कारण मिळतं, म्हणून ती घेतली. लूपमध्ये आठ वाघिणी बसतात. शेजारच्या दोन लाईनींमधलं अंतर ४० मि.मी. ठेवलंय, डबे रुंद आहेत, आणि दोन रांगांमधून हमाल चालत जाताना दाखवायचाय.

मातीचा प्रयोग सगळ्यात आवडीचा ठरला. काळी माती मळ्यातलीच आणली, वाळवून, कुटून, मैद्याच्या चाळणीने चाळली. फेव्हिकॉलच्या पाण्याने बसवली की ती फुगते आणि वाळताना आकसते, शेतात होतं तसंच. एक मि.मी.ची भेग पडली तर ती खऱ्यातली पावणेनऊ सें.मी. मे महिन्यातल्या वावराला ती अगदी शोभते. म्हणून कुंपणापलीकडच्या वावरात नुसती माती घातली आणि भेगा पडू दिल्या. यार्ड बैलगाड्यांनी तुडवलेलं, तिथे भेग चालणार नाही. तिथे निम्मी माती, निम्मी दगडाची भुकटी आणि थोडी राख. रंग फिकट होतो, तोही धुळीच्या आवाराला योग्यच.

इंजिनाचं चाललंय, पण सावकाश. कंपनीची पहिली इंजिनं लीड्सच्या किटसनची, ०-८-४ टँक, म्हणजे पुढे वेगळी चाकं नाहीत, मध्ये आठ जोडचाकं, मागे चार, आणि पाणी इंजिनावरच. इथेही तेच पाच टनांचं गणित, सहा आसांवर वाटलेलं. आठ जोडचाकं यार्डातल्या वळणावर अडकू नयेत म्हणून मधल्या दोन आसांना बाजूला सरकायला किंचित जागा ठेवतोय. रेखाटनासाठी इंग्लंडच्या लीक अँड मॅनिफोल्ड लाईनचे कागद कामी येतात. १९०४ साली सुरू झालेली तीही अडीच फुटी, अभियंता कॅलथ्रॉपच आणि इंजिनंही किटसनचीच. तिथली इंजिनं २-६-४, त्यामुळे तशीच्या तशी उचलता येत नाहीत, पण अंगकाठी समजते.

पुढचं काम वाघिणीचा साचा. पहिली प्रत प्लास्टिक शीटमधून कापून होत आली आहे, रिव्हेट उठवणं चालू आहे. ती मनासारखी झाली की रेझिनमध्ये आठ ओतायच्या, त्यातल्या दोन उघड्या. तुमच्यापैकी कुणाच्या घरी लातूर, मुरूड, ढोकी किंवा येडशीच्या जुन्या स्टेशनावर काढलेला फोटो असेल आणि मागे वाघीण उभी दिसत असेल, तर दाराच्या कडीकोयंड्याचा भाग मोठा करून पाठवा. माणसांचे चेहरे झाकले तरी चालेल, मला फक्त दार हवंय.