मधोमध ७४

मधोमध ७४ होतं. ताईला हे सांगितलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. ७४ अंश सेल्सिअस, चिकन स्टेकच्या सगळ्यात जाड भागात, थर्मामीटरची सुई बाजूने आडवी घालून. वरून टोचली तर पातळ तुकड्यात तिचं टोक आरपार जातं आणि मांसाऐवजी तव्याचंच तापमान दाखवतं, म्हणून बाजूने. एवढं सगळं करून ताट तिच्यासमोर ठेवलं, आणि तिने काय करावं? सुरीने स्टेक बरोबर मधे चिरला, दोन्ही भाग उलगडले, ताट जरासं दिव्याकडे फिरवलं आणि आत बघितलं. मग खायला लागली. छान झालंय म्हणाली, पण ते बऱ्याच वेळाने.

बस, एवढंच झालं. लिहिल्यावर फारच क्षुल्लक दिसतंय. भांडी आवरताना निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, चिकन आहे, माणूस बघणारच ना." त्याचं बरोबर आहे, आणि म्हणूनच जास्त राग आला.

नेमकं काय लागलं ते शोधतेय. तिला चव आवडली नसती तर चाललं असतं. मीठ कमी आहे म्हणाली असती तर मिठाची बाटली पुढे केली असती. पण तिने चव घ्यायच्या आधीच बघितलं. म्हणजे तो प्रश्न चिकनबद्दल नव्हताच, माझ्याबद्दल होता. मी केलंय म्हणून तपासायचं. निखिलने केलं असतं तर तपासलं असतं का? तपासलं असतं बहुतेक. तरी पण.

त्या सगळ्या प्रकारानंतर ती पहिल्यांदाच इथे जेवायला आली. त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलंय.

कालच रात्री सुरुवात केली होती. ब्रेस्टचे मोठे तुकडे, एकेक पाव किलोच्या वर. त्यांच्या आतल्या बाजूला जी लांबट पट्टी चिकटलेली असते ती आधी सुटी केली. त्या पट्टीत एक पांढरी चिवट शीर असते, कितीही शिजवली तरी दाताखाली येतेच. तिचं टोक काट्याच्या दोन दातांमधून ओवायचं, किचन पेपरने घट्ट धरायचं (नुसत्या बोटांनी धरलं तर सटकतं) आणि काटा मांसावरून दाबत पुढे सारायचा. अख्खी शीर सुळकन बाहेर येते. ही युक्ती मला ताईनेच दाखवली होती, हे आत्ता लिहिताना आठवलं. असो.

मग एक तळहात वर सपाट ठेवून, सुरी आडवी धरून, एका जाड तुकड्याचे दोन पातळ तुकडे. ब्रेस्ट एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळता असतो. तसाच तव्यावर टाकला तर फुगीर भाग शिजेपर्यंत निमुळत्या टोकाचा चोथा होतो. म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने हलके ठोकायचे, जाड बाजूला जरा जास्त, सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर होईपर्यंत. जोरात हाणलं की फाटतात. काल एकही फाटला नाही. काल कुणावर राग नव्हता.

धुतले नाहीत. ताईने विचारलं असतं तर सांगितलं असतं की कच्चं चिकन नळाखाली धरलं की शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर सगळ्या ओट्यावर जातात, आणि जे जंतू मरायचे ते तव्यावर मरणारच असतात. नुसते पेपरने टिपले. मीठ वजनाच्या शंभराव्या हिश्शाइतकं, म्हणजे किलोला १० ग्रॅम, चमच्याने अंदाज न घेता तोलून. मीठ लागल्यावर आधी पाणी सुटतं, तुकडे चकचकीत ओले होतात आणि आता सगळा रस जाणार असं वाटतं. पण तेच खारं पाणी हळूहळू परत आत शिरतं, तिथली प्रथिनं सैल करतं, आणि अशी सैल झालेली प्रथिनं तापल्यावरही पाणी धरून ठेवतात. तर ते रात्रभर फ्रीजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात, न झाकता. आज काढले तेव्हा वरून कोरडे होते, बोटाला किंचित चिकटणारे.

हे सगळं तिला दिसलं नाही. दिसायचं काही कारणही नाही. जेवायला आलेल्या माणसाला कालची रात्र कशी दिसणार? पण माझ्या मनात कुठेतरी होतं की ताटात ती दिसेल. एका घासात तिला कळेल की हे कुणीतरी नीट केलंय. आणि तो घास घ्यायच्या आधी सुरी आली.

'साधंसंच काहीतरी कर' म्हणाली होती फोनवर. स्टेक साधाच दिसतो. मीठ, मिरपूड, तेल, शेवटी लोण्याचा एक गोळा आणि ठेचलेली लसूण. पण त्याला लपायला जागाच नसते. रस्सा असला की दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी तो सांभाळून घेतो. ब्रेस्टला चरबी नाही, सांध्यांजवळच्या मांसात असतो तसला चिकट भागही फारसा नाही, त्यामुळे जास्त वेळ शिजवून तो मऊ होईल ही आशाच सोडायची. साठी-पासष्टीच्या पुढे त्याचे धागे लांबीने आखडायला लागतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. जितकं तापमान वर, तितकं पिळणं जास्त. ऐंशीला गेला की चावत बसा.

म्हणूनच थर्मामीटर. ७४ ला जंतू क्षणात मरतात. ६६ च्या आसपासही मरतात, पण तिथे काही मिनिटं धरून ठेवावं लागतं, आणि पाहुणे असताना घड्याळाशी झटापट नको. बिडाचा तवा चांगला तापवला, तुकडे परत एकदा टिपले. ओलं मांस करपत नाही, खरपूसही होत नाही, कारण पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान शंभरावर जातच नाही, आणि तो तपकिरी रंग, तो वास जोमाने यायला लागतो तो १४० च्या आसपास. लुई कामीय मायार नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ही क्रिया मांडली, तिला त्याचंच नाव आहे. तव्यावर टाकल्यावर तुकडा आधी घट्ट चिकटतो. तेव्हा त्याला ओढायचं नाही. खालचा थर झाला की तो आपण होऊन सोडतो, चिमट्याने नुसतं हलवलं तरी सरकतो. उलटला, दुसरी बाजू, लोणी, लसूण, तवा तिरका करून चमच्याने तेच लोणी वरून. ७१ ला उतरवले, सैलसर झाकून पाच मिनिटं ठेवले, तेवढ्यात आतली उष्णता मधोमध ७४ पर्यंत गेली. नीट झालं होतं. अगदी नीट झालं होतं, हेच तर दुखणं आहे.

आणि तिने रंग बघितला!

रंगाचा काय भरवसा? चिकन ७४ च्या बऱ्याच आधी पांढरं दिसायला लागतं, आणि कधी कधी पूर्ण शिजूनही आत गुलाबी छटा राहते. ती मायोग्लोबिनची, म्हणजे मांसातल्याच रंगीत प्रथिनाची असते, रक्ताची नव्हे. बाहेर येणारा रस स्वच्छ आहे की लालसर, यावरही जाता येत नाही. म्हणजे ताईने जे तपासलं त्यातून तिला काहीच कळलं नाही. पांढरं दिसलं, समाधान झालं. मी ६५ ला उतरवून लगेच वाढलं असतं तरी तिचं तितकंच समाधान झालं असतं. मला इतका वेळ हेच टोचत होतं की बाईसाहेबांनी तपासलं, आणि तेही चुकीच्या पद्धतीने.

मधेच चिरल्याने रस निघून गेला म्हणून तिच्यावर रागवावं, तर तेही जमत नाही. आधी झाकून ठेवलेलं असल्याने ताटात जेमतेम चमचाभर आला. मोठ्या आचेवर भाजलं की मांसाची तोंडं बंद होतात आणि रस आत कोंडला जातो, ही समजूत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञापासूनची, १८४७ सालची. ती केव्हाच खोटी ठरली. खरपूस थरातूनही पाणी गळत राहतं, तव्यावरची चरचर म्हणजे दुसरं काय? मांस म्हणजे फुगा नव्हे, एका भोकाने रिकामं व्हायला.

भोकावरून आठवलं. मी माझा स्टेक घेतला तेव्हा त्याच्या कडेला सुईची भोकं दिसत होती. एक नाही, कितीतरी. एका बाजूने बघितलं, मग वाटलं इथे पातळ असेल, म्हणून जरा पलीकडे, मग तव्यावरून उतरवल्यावर पुन्हा, मग पाच मिनिटांनी पुन्हा. ताईच्या स्टेकलाही तितकीच असणार. कदाचित जास्तच, तिचा होता म्हणून. म्हणजे तिच्यासमोर ताट जायच्या आधी मी तो चाळणी होईपर्यंत टोचला होता. रात्रभर मीठ लावलं, तोलून लावलं, ठोकून सारखा केला, आणि तरी माझा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता. मी टोचलं तर काळजी, तिने चिरलं तर अपमान. वा!

आणि गंमत म्हणजे तिने दुसरा तुकडा घेतला. मागून घेतला. मी मनात म्हटलं, चला. तर तोही चिरला, तोही उलगडला, ताट पुन्हा दिव्याकडे. मला हसूच आलं. निखिलने माझ्याकडे बघितलं आणि लगेच पाण्याचा जग भरायला उठला. तेव्हा कुठे तिने म्हटलं, "छान झालंय, आतून ओलसर आहे." ओलसर! हा एक शब्द ऐकायला माणूस रात्रभर मीठ लावतो. त्याच घासाला मला वाटलं की ती सगळीकडेच असं करत असेल, लग्नाकार्यातही, आणि कुणी मनावर घेत नसेल. किंवा तिच्या त्या दवाखान्याच्या दिवसांपासून करत असेल. विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, कोण जाणे.

दोन तुकडे उरलेत. दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेले. उद्या ते परत गरम करणार नाही. एकदा नीट शिजलेला ब्रेस्ट पुन्हा कडकडीत तापवला की सगळी कमाई वाया जाते. थंडच, धाग्यांना आडवे पातळ काप करायचे, म्हणजे धागे तोकडे होतात आणि चावायला सोपे. वर लिंबू.

पुढच्या वेळी मांडीचे बोनलेस तुकडे आणायचे. त्याला चरबी असते, कोलॅजेन (तोच तो चिकट भाग) असतं, ते विरघळायला उलट जास्तच तापमान लागतं, ऐंशीच्या पुढे नेलं तरी तक्रार नाही. सारखी सुई घेऊन त्याच्यामागे उभं राहायला नको. फक्त ते मांस मुळात गडद, पूर्ण शिजलं तरी आत लालसर दिसू शकतं. आणि ताई चिरणार, हे गृहीत धरूनच आहे मी आता. तर सरळ स्वयंपाकघरातच चिरून, काप करून वाढेन. हॉटेलवाले तेच करतात, दिसायलाही बरं.

कधी येणार ते विचारलेलं नाही अजून. एवढ्यात विचारलं तर तिला वाटेल मी मनाला लावून घेतलंय. रविवारी फोन असतोच तिचा, तेव्हा बघू. मांडीचं चिकन मात्र शनिवारीच सांगून ठेवायला हवं.