फॅन्सी ड्रेस आणि पाठीमागच्या टाचण्या

स्वतःच वेष करून फोटोत उभ्या राहणाऱ्या कलाकार पुष्पमाला एन. यांच्या कामात कला कुठली, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्यांचे फोटो मी कुणालाही दाखवले की साताऱ्यात हा प्रश्न ठरलेला: “बाई, हा तर फॅन्सी ड्रेसच की! ह्यात कला कुठली?” शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. गॅदरिंगला किती जिजाऊ नि किती झाशीच्या राण्या नटवल्या, मोजदाद नाही. त्यामुळे प्रश्न मला जरा लागतोच.

पुष्पमाला बंगळुरूच्या, शिकल्या बडोद्याला, शिल्पकला. नव्वदच्या दशकात त्या स्वतःच वेष करून कॅमेऱ्यापुढे उभ्या राहू लागल्या. बटण दाबणारा दुसरा. पात्र आणि प्रसंग ठरवणार ह्या.

त्यांची सगळीच कामं मला सारखी आवडत नाहीत. ‘फँटम लेडी’ (१९९६-९८) बघताना मजा येते. कृष्णधवल मुंबई, मुखवटा घातलेली नायिका, जुन्या स्टंटपटांतल्या फियरलेस नादियाची आठवण. पण गोष्ट कळली की परत बघावंसं वाटत नाही. पुढे नवरसांची मालिका केली ती जे. एच. ठक्कर यांच्या मुंबईच्या स्टुडिओत. ठक्कर म्हणजे जुन्या नटनट्यांचे फोटो काढणारे नावाजलेले गृहस्थ. त्यांचा उजेड इतका सराईत, की फोटो थेट जुन्या सिनेमातलाच वाटतो. कुठे म्हणून फट नाही. तिथे विचारणाऱ्याचं मला निम्मं पटतं. नक्कल उत्तम, आणि मग?

माझा जीव अडकलाय तो ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’त. २००० ते २००४, छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्याबरोबर केलेलं काम. त्यात रविवर्म्याची चांदण्यात बसलेली स्त्री आहे, लक्ष्मी आहे. हे फोटो दाखवण्याआधी जमलं तर मी माणसाला आमच्या सातारा जिल्ह्यातल्या औंधला नेते. यमाईच्या डोंगरावर भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. कॅलेंडरवर पाहिलेला रविवर्मा वेगळा आणि तेलरंगातला वेगळा. पदराची किनार बघत माणसं खुळ्यागत उभी राहतात. मग घरी येऊन पुष्पमालांची चांदण्यातली बाई बघायची. बैठक तीच, पण मागचं चांदणं रंगवलेल्या पडद्यावरचं, आणि बसलीय चाळिशी ओलांडलेली, खरीखुरी बाई. तिला रविवर्म्याची नायिका व्हायचंय असं वाटतच नाही. ती तिची जागा तपासून बघतेय.

त्याच कामात दुसरे फोटो आहेत, चौकटीचौकटींच्या पडद्यापुढचे. १८६९मध्ये लॅम्प्रे नावाच्या इंग्रजानं माणसं मोजायची एक रीत काढली होती: लाकडी चौकटीत दोन-दोन इंचांवर रेशमी दोरे ताणायचे, त्यापुढे माणूस उभा करायचा आणि फोटो काढायचा. वसाहतींतल्या लोकांना असं मोजलं गेलं. पुष्पमाला तशाही उभ्या राहतात. हा फोटो आणि लक्ष्मीचा फोटो एकदा शेजारी ठेवून बघा. लक्ष्मीचे हातसुद्धा कुणीतरी मोजून लावल्यासारखे दिसायला लागतात. अमेरिकेच्या सिंडी शर्मनही वेष करून स्वतःचेच फोटो काढतात, त्यांच्याशी पुष्पमालांची तुलना नेहमी होते. पण शर्मनच्या १९७७-८०च्या ‘फिल्म स्टिल्स’मागे कुठलाच खरा सिनेमा नाही. इथे मूळ चित्र आपल्याच दुकानात हार घालून टांगलेलं. आपण पळवाट काढणार कुठून?

(पुष्पमालांचा २०१४चा वास्को द गामाचा फोटोही मोठा गाजला. त्यात त्या स्वतःच वास्को झाल्यात. मला तो फार भरगच्च वाटतो.)

पण खरी गोष्ट पुढे आहे. ‘नेटिव्ह विमेन’च्या एका भागात ही सगळी मांडामांड चाललेली असतानाचेच फोटो आहेत. आमच्या गॅदरिंगची झाशीची राणी पडद्याआडून कधी दिसली तर आम्ही ओशाळायचो. ह्या बाई मुद्दाम पडदा बाजूला करतात.

आमच्या घरी आई-दादांचा एक फोटो आहे, मोती चौकाजवळच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला जिना आणि बाग. दादांच्या अंगात स्टुडिओचा कोट, सगळ्या गिऱ्हाइकांना एकच, पाठीमागून टाचण्या लावून आवळलेला. आईच्या गळ्यात शेजारच्या काकूंची मोहनमाळ. दादा आयुष्यात तेवढी दहा मिनिटं कोटात होते. हा फोटो खोटा म्हणायची माझी छाती नाही. पण टाचण्यांचं आईनं सांगितल्यावर तो मला जास्तच आवडायला लागला, हेही खरं.

मध्यंतरी काच फुटली म्हणून तो नव्या फ्रेमसाठी दिला. जुना माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, काढल्यावर खाली पडदा संपून स्टुडिओची शहाबादी फरशी दिसली, आणि तिच्यावर आईच्या चपला, काढून नीट बाजूला ठेवलेल्या. फ्रेमवाला म्हणाला, “बाई, फरशी दिसतीय खाली. झाकू का पहिल्यासारखी?”

त्याला म्हटलं, माउंटच नको लावूस.