नारोशंकराच्या घंटेचं माहेर

रामकुंडाजवळच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा आम्हा नाशिककरांच्या इतकी सवयीची, की ती १७२१ सालची, पोर्तुगीज, वसईच्या विजयानंतर इकडे आलेली, हे मुद्दाम सांगावं लागतं. म्हणून यंदा वसई गाठलीच. किल्ला १५३४ पासून पोर्तुगीजांकडे, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी घेतला. "नाशिकचे आहोत सांगू नकोस, घंटा परत मागतील," असं आमचे हे.

सेंट जोसेफ चर्चचं छप्पर केव्हाच गेलंय, पण मनोऱ्यातला गोल जिना शाबूत. अंधार, वटवाघळांचा वास, आणि समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं. भिंतींवर बदाम कोरणाऱ्यांना मात्र सज्जड दंड हवा! बंदराकडे बोंबील वाळत होते. अर्धा किलो घेतले. परतीच्या एसटीत शेजारच्या काकूंनी वासावरूनच भाव विचारला.