लॅपटॉपचा पासवर्ड विसरल्यानंतर: माझा अनुभव

ज्या लॅपटॉपविषयी मी लिहीत आहे, त्यावर विंडोज १० ची प्रो आवृत्ती आहे आणि त्यातले माझे खाते ‘लोकल’ आहे, म्हणजे ते कोणत्याही ईमेल पत्त्याशी जोडलेले नाही. हे तपशील आधीच सांगते, कारण पासवर्ड विसरल्यावर काय करता येईल आणि काय करणे धोक्याचे ठरेल, हे बव्हंशी त्यांवरच अवलंबून असते. नवा संगणक घेतल्यापासून हा लॅपटॉप बंदच होता. मध्यंतरी वडिलांच्या कागदपत्रांचे स्कॅन आणि मी पूर्वी केलेल्या काही गोपनीय भाषांतरांच्या प्रती हव्या झाल्या, म्हणून तो बाहेर काढून चालू केला, तर पासवर्ड काही केल्या आठवेना.

पासवर्ड खरोखरच विसरला आहे की योग्य पासवर्ड चुकीचा टाइप होत आहे, याची खात्री करणे हे पहिले काम होते. मराठीत टंकलेखन करणाऱ्यांसाठी ही शक्यता नेहमीच खुली असते. लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात खाली कळफलकाच्या भाषेचे चिन्ह असते. तिथे मराठी इनस्क्रिप्ट निवडलेला असेल, तर इंग्रजी अक्षरांच्या समजुतीने दाबलेल्या कळांमधून भलतेच काही उमटते आणि पडद्यावर ठिपकेच दिसत असल्यामुळे ते कळतही नाही. पासवर्डच्या चौकटीतले डोळ्याचे चिन्ह दाबून धरल्यावर टाइप केलेला मजकूर दिसतो. त्यावरून मी भाषा, कॅप्स लॉक आणि नम लॉक तपासले. जुन्या यंत्राच्या एखाद्या कळीचा दाब उमटत नसण्याची शक्यता असल्याने त्याच कोपऱ्यातल्या सुलभतेच्या चिन्हातून पडद्यावरचा कळफलक उघडला आणि माउसने एकेक अक्षर टिपून पाहिले. यंत्रात कोणताही दोष नव्हता.

त्यानंतर सुचेल ते टाइप करत राहण्याचे मी थांबवले. घाईत केलेल्या प्रयत्नांची नोंद राहत नाही आणि तोच तो चुकीचा अंदाज पुन्हा पुन्हा वापरला जातो. शिवाय, विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर दहा मिनिटांत १० चुकीचे प्रयत्न झाले, तर खाते दहा मिनिटांसाठी बंद होते. मी कागद घेतला आणि त्या काळात वापरत असलेले शब्द, आकडे आणि त्यांची रूपे लिहून काढली. माझे पासवर्ड बहुधा रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठी शब्दांचे असत, आणि खरी अडचण तिथेच होती: ‘व’साठी व्ही की डब्ल्यू, दीर्घ ‘ई’साठी दोन ई की एक आय, ‘ळ’साठी नुसता एल की आणखी काही? एकाच शब्दाची अशी अनेक रूपे होतात. यादी पद्धतशीरपणे तपासून झाली, तरी दाद मिळाली नाही. चुकीच्या पासवर्डनंतर दिसणारी हिंट होती, पण ती इतकी मोघम होती की तिचा काहीच उपयोग झाला नाही.

संगणकाला पासवर्ड माहीत असतो, तर तो त्याच्याकडून काढून का घेता येऊ नये, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर असे की, संगणकालाही तो माहीत नसतो. विंडोज पासवर्डऐवजी त्याचा हॅश साठवते, म्हणजे एका गणिती क्रियेतून निघालेले असे मूल्य, की पासवर्डवरून ते काढता येते पण त्यावरून पासवर्ड उलट काढण्याचा सरळ मार्ग नसतो. मल्टिक्स आणि युनिक्स या जुन्या संगणक प्रणालींच्या काळापासून ही कल्पना रूढ आहे आणि रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये लिहिलेल्या निबंधात तिची कारणे स्पष्टपणे मांडलेली आहेत. त्याआधी, १९६० च्या दशकात, एमआयटीच्या सीटीएसएस या प्रणालीत पासवर्ड जसेच्या तसे एका फाइलमध्ये ठेवलेले असत आणि एकदा ती फाइल चुकून लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या समोर उमटली होती. तेव्हा पासवर्ड परत मिळणार नाही, फार तर बदलता येईल, हे मी एकदाचे मनाशी पक्के केले.

बदलण्याचे मार्गही सगळे उपलब्ध नव्हते. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या १८०३ आवृत्तीपासून विंडोज १० मध्ये लोकल खात्यासाठी तीन सुरक्षा प्रश्न ठरवता येतात आणि त्यांची उत्तरे देऊन लॉगिनच्या पडद्यावरूनच नवा पासवर्ड ठेवता येतो. माझे खाते त्याआधीचे होते आणि नंतर मी ते प्रश्न कधी भरलेच नव्हते. दुरुस्तीची कामे करणाऱ्या एका तंत्रज्ञाला विचारले, तर सगळे पुसून विंडोज नव्याने बसवावी लागेल, असे त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितले. अशा सल्ल्याचे मला मनापासून वाईट वाटते. समोरच्याला यंत्र पुन्हा वापरायचे आहे की त्यातल्या फाइली हव्या आहेत, हा प्रश्न सल्ल्याच्या आधी यायला हवा. मला यंत्र नको होते. माझ्या फाइली हव्या होत्या.

सुदैवाने त्याच लॅपटॉपवर माझ्या भावाचे दुसरे खाते होते, तेही अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकारांचे, आणि त्याचा पासवर्ड त्याला आठवत होता. माझ्या भाच्याने फोनवर लगेच उपाय सांगितला: “आत्या, बाबांच्या खात्यातून एक कमांड दे आणि मोकळी हो.” त्याचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला दुसऱ्या खात्याचा पासवर्ड जुना पासवर्ड न विचारता बदलता येतो. मी कमांडऐवजी कॉम्प्युटर मॅनेजमेंटमधला मार्ग घेतला, आणि तो घेतला हे फार बरे झाले, कारण नवा पासवर्ड विचारण्याआधी तिथे एक इशारा येतो. असा पासवर्ड बदलल्यास या खात्यातली काही माहिती कायमची हातची जाऊ शकते, अशा अर्थाचा तो मजकूर आहे. कमांडने बदलला असता, तर हा इशारा मला दिसलाच नसता. मी ‘कॅन्सल’ दाबले आणि ही कोणती माहिती, ते शोधू लागले.

या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला इथे समजली. विंडोजच्या प्रो आवृत्तीत एखाद्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधून त्यातल्या फाइली एनक्रिप्ट, म्हणजे कूटबद्ध करता येतात. या सोयीला ईएफएस म्हणतात. गोपनीय भाषांतरे मी तशीच ठेवली होती. त्या फाइली उघडणारी खासगी ‘की’, म्हणजे किल्ली, संगणकावरच असते, पण ती स्वतः आणखी एका कीने बंद केलेली असते आणि ही दुसरी की माझ्या पासवर्डपासून तयार होते. मी स्वतः जुना पासवर्ड देऊन नवा ठेवते, तेव्हा विंडोज जुन्याने ही साखळी उघडते आणि नव्याने पुन्हा बंद करते. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने परस्पर नवा पासवर्ड लादला, तर उघडायला जुना पासवर्ड कोणाकडेच नसतो. लॉगिन होते, डेस्कटॉप दिसतो, फोटो आणि साधी कागदपत्रे उघडतात, मात्र ईएफएसच्या फाइली आणि विंडोजने त्याच पद्धतीने जपलेले इतर पासवर्ड बंदच राहतात. पुढे कधी जुना पासवर्ड आठवला आणि तो पुन्हा ठेवला, तर ते उघडू शकतात. माझ्या बाबतीत न आठवणे हीच तर मूळ अडचण होती.

म्हणून कशालाही हात लावण्याआधी संपूर्ण डिस्कची प्रत काढायची, असे ठरवले. क्लोनझिला या मोफत साधनाचा पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर तयार केला, लॅपटॉप त्यावरून सुरू केला आणि डिस्क जशीच्या तशी एका बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून घेतली. पुढे हातून काही बिघडले असते, तरी मूळ स्थिती शाबूत राहिली असती. त्यानंतर उबुंटू या विंडोजहून वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेनड्राइव्हवरून, काहीही इन्स्टॉल न करता, लॅपटॉप सुरू केला आणि माझे फोल्डर उघडून पाहिले. वडिलांच्या कागदपत्रांचे सगळे स्कॅन समोर होते. पासवर्ड विचारला गेला नाही, कारण लॉगिनचा पासवर्ड हा विंडोजचा पहारेकरी आहे आणि विंडोज सुरूच झाली नाही, तर पहाऱ्यावर कोणीच नसते. हवे ते मिळाल्याचा आनंद झाला, पण हा लॅपटॉप हाती लागलेल्या कोणालाही हे सगळे असेच वाचता आले असते, या जाणिवेने मी अस्वस्थही झाले. ईएफएसच्या फाइलींची मात्र नावेच दिसत होती. त्या उघडत नव्हत्या, आणि त्यांनी तसेच वागायला हवे होते.

उरल्या त्या भाषांतरांच्या फाइली. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पासवर्ड रीसेट डिस्क’ तयार करण्याची एक जुनी सोय आहे, तिच्याविषयी वाचताना आठवले की खाते नवे असताना मी तशी डिस्क केली होती. नाव डिस्क असले तरी तो साधा पेनड्राइव्ह असतो आणि त्यावर ‘युजरकी’ नावाची, पीएसडब्ल्यू या एक्स्टेंशनची एक छोटीशी फाइल असते. घरातले जुने पेनड्राइव्ह गोळा केले आणि एकेक करून नव्या संगणकाला लावून ती फाइल शोधू लागले. हे काम कंटाळवाणे होते. काही पेनड्राइव्ह ओळखलेच जात नव्हते आणि काहींवर विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले. अशा वेळी हो म्हणणे म्हणजे हवी ती वस्तू आपल्याच हाताने पुसणे, म्हणून तसे पेनड्राइव्ह वेगळे ठेवले. अखेरीस छायाचित्रे असलेल्या एका पेनड्राइव्हवर, कोणत्याही फोल्डरच्या बाहेर, ती फाइल दिसली. तिची प्रत लगेच दुसरीकडे ठेवली.

पुढचे काम थोडक्यात झाले. पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला आणि चौकटीखाली दिसणाऱ्या ‘रीसेट पासवर्ड’वर टिचकी मारली. उघडलेल्या विझार्डमध्ये पेनड्राइव्ह निवडून नवा पासवर्ड दोनदा टाइप केला. या डिस्कचे वैशिष्ट्य असे की, ती एकदा केली की नंतर पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी त्या खात्यासाठी चालते, आणि तिच्यामार्फत केलेल्या बदलात वर सांगितलेली साखळी तुटत नाही. लॉगिन झाल्यावर मी पहिल्यांदा भाषांतरांचे फोल्डर उघडले. सगळ्या फाइली वाचता येत होत्या. त्या क्षणी मला किती हायसे वाटले, हे सांगायला हवेच, कारण त्यांतली काही कामे अशा माणसांची होती, ज्यांनी ती माझ्यावर विश्वासाने सोपवली होती आणि ज्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती.

त्याच बैठकीत मी ईएफएसचे प्रमाणपत्र खासगी कीसह एक्सपोर्ट करून स्वतंत्र ठिकाणी ठेवले. ते असले, तर पासवर्ड पुन्हा गेला तरी फाइली जात नाहीत. नवा पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या काही मराठी शब्दांचा ठेवला आणि ज्यांचे रोमन रूप दोन प्रकारे होऊ शकते, असे शब्द कटाक्षाने टाळले. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या २०१७ मधील मार्गदर्शक सूचनांतही ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये आणि लांब पासवर्ड वापरू द्यावेत, असे म्हटले आहे. तो कागदावर लिहून पाकिटात बंद केला आहे. पासवर्ड कागदावर लिहू नये, हा उपदेश कार्यालयातल्या टेबलांसाठी योग्य असेल. घरातल्या कुलूपबंद कपाटाला तो लागू करण्यात मला अर्थ दिसत नाही.

हे सगळे पाहून भावाने आपल्या विंडोज ११ च्या लॅपटॉपचे गाऱ्हाणे काढले. तो रोज पिन वापरत असे; पिनही विसरला आणि कधीच न लागलेला खात्याचा पासवर्डही. त्याचे खाते मायक्रोसॉफ्टचे असल्याने तिथली रीत पूर्ण वेगळी होती. पिन हा त्या एका यंत्रापुरता असतो आणि पासवर्ड ऑनलाइन खात्याचा असतो. म्हणून आधी दुसऱ्या संगणकावरून खात्याचा पासवर्ड बदलावा लागला. पडताळणीचा कोड ज्या फोन क्रमांकावर जात होता, तो क्रमांक केव्हाच बंद झालेला होता. पर्यायी ईमेल भाच्याचा होता, त्यावर आलेल्या कोडने काम झाले. तोही नसता आणि सगळीच सुरक्षा माहिती एकदम बदलावी लागली असती, तर मायक्रोसॉफ्टच्या नियमाप्रमाणे ३० दिवस थांबावे लागले असते. लॅपटॉप लॉगिनच्या पडद्यावरूनच वायफायला जोडला, कारण इंटरनेटशिवाय त्याला नवा पासवर्ड कळला नसता. मग ‘पिन विसरलो’ हा पर्याय निवडून नवा पिन ठेवला.

त्याच्या डिस्कवर बिटलॉकरचे, म्हणजे संपूर्ण डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीचे, एनक्रिप्शन सुरू होते, म्हणजे उबुंटूचा मार्ग तिथे चाललाच नसता. अशा डिस्कची ४८ आकड्यांची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असू शकते. ती तिथे मिळाली, पण त्याच खात्यात त्याच्या आधीच्या लॅपटॉपचीही की होती. संगणक की मागतो, तेव्हा पडद्यावर तिचा ओळख क्रमांकही दाखवतो आणि त्याची पहिली आठ अक्षरे जुळवून योग्य की निवडायची असते. म्हणून आम्ही दोन्ही की कागदावर छापल्या आणि प्रत्येकीवर ओळख क्रमांक व ती कोणत्या यंत्राची आहे, हे ठळक अक्षरांत लिहिले.