तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी ट्रायल्स मोटरसायकल नवशिक्याने उघडावी का?

कोल्हापूरला गेले की कुणी ना कुणी विचारतंच, आणि इथे यॉर्कशरमध्येही तोच प्रश्न येतो: मेकॅनिकचं शिक्षण नाही, घरात कुणी गॅरेजवालं नाही, मग पन्नाशीला टेकलेली ट्रायल्स मोटरसायकल खोलून परत उभी कशी केलीस? बहुतेकांना खरं विचारायचं असतं ते याच्या पुढचं. आपणही असं काही करावं का, आणि करायचं तर सुरुवात कुठून?

करा. आणि पहिलीच गाडी असेल तर ट्रायल्सचीच घ्या, असं मी मनापासून सांगेन. त्याचं कारण या खेळातच आहे.

ट्रायल्समध्ये शर्यत नसते. ओढ्यातले गोटे, चिखलाची चढण, झाडांच्या मुळ्या, अशा अवघड जागेचा एक तुकडा खुणा लावून आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. त्यातून पाय न टेकता गाडी बाहेर काढायची. एकदा पाय टेकला की १ गुण, दोनदा टेकला की २, तीनदा किंवा त्याहून जास्त वेळा टेकला तरी ३, आणि गाडी अडली किंवा पडली तर ५. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. चालक फुटरेस्टवर उभा असतो आणि गाडी चालत्या माणसाच्या वेगाने, कधी त्याहूनही हळू जाते. इंजिन जवळजवळ स्लोवर, म्हणजे मूठ न पिळता ते जेवढ्यावर चालू राहतं तेवढ्यावर असतं, पण समोर दगड आला की त्याच स्लोवरून ओढ मिळाली पाहिजे.

म्हणजे हे हळू चालण्यासाठी बनवलेलं यंत्र आहे, आणि म्हणूनच ते शिकण्यासाठी इतकं चांगलं. रस्त्यावरची गाडी वेगात आपले बरेच दोष झाकते. थोडी हवा गळत असेल, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) जरा मागे असेल, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचं बारीक भोक अर्धं बुजलेलं असेल, तरी मूठ पिळली की ती पळते आणि मालक म्हणतो गाडी झकास आहे. ट्रायल्सच्या गाडीला असं निभावून नेता येत नाही. स्लो धरत नसेल तर ती निरुपयोगी. प्रत्येक दोष ती पहिल्या दहा मिनिटांत समोर मांडते, आणि नवशिक्याला हेच हवं असतं.

माझी गाडी यामाहा टीवाय १७५. ती का, हे सांगताना थोडा इतिहास येतोच. १९६०च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये ट्रायल्स म्हणजे जडशा ब्रिटिश फोर-स्ट्रोक गाड्या. बेलफास्टचा सॅमी मिलर एरियल या ब्रिटिश कंपनीची ५०० सीसी गाडी चालवून वर्षानुवर्षं जिंकत होता. १९६४च्या अखेरीस तो स्पेनच्या बुल्टाकोकडे गेला, तिथे शेर्पा टी नावाची हलकी टू-स्ट्रोक गाडी त्याच्या हाताखाली तयार झाली, आणि १९६५मध्ये तीच घेऊन त्याने स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल जिंकली. तिथून सगळा खेळच बदलला. पुढे जपानी कंपन्या उतरल्या. यामाहाने डर्बीशरच्या मिक अँड्र्यूजला घेतलं. ओसा ही स्पॅनिश गाडी चालवून त्याने १९७०, ७१ आणि ७२ला स्कॉटिश जिंकली होती. १९७४ आणि ७५ला तीच यामाहावर जिंकली. टीवाय मालिका त्याच काळातली. मी राहते तिथून सिल्सडन गाव फार लांब नाही, आणि ते मार्टिन लँपकिनचं गाव. १९७५मध्ये ट्रायल्सची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा बुल्टाकोवर त्यानेच जिंकली. या डोंगरात ट्रायल्सबद्दल कुणालाही विचारा, माणूस हातातलं काम ठेवून बोलायला लागतो. मला जे काही येतं त्यातलं बरंचसं असंच मिळालेलं आहे.

टीवाय १७५ म्हणजे १७१ सीसीचा एकच सिलिंडर, हवेने थंड होणारा, टू-स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणारी पातळ झडप), सहा गिअर. आपल्याकडच्या आरएक्स १००चं हेड ज्यांनी उघडलं आहे त्यांना हे इंजिन मुळीच परकं वाटणार नाही. आणि पन्नास वर्षांनंतरही तिचे सुटे भाग मिळतात. गाडी निवडताना हा एकच निकष मी सगळ्यांच्या वर ठेवेन. स्पॅनिश गाड्या दिसायला फार देखण्या, पण पहिल्या कामाला भाग शोधण्यात जीव जाऊ नये. बंद असली तरी चालेल, पण गाडी अख्खी घ्या. सुटी करून खोक्यांत भरलेली गाडी स्वस्त मिळते, आणि त्यात काय नाही हे नवशिक्याला कळत नाही. किक खाली जाते का, फ्रेमवरचा नंबर कागदांवरच्या नंबराशी जुळतो का, एवढं पाहा.

पाने हातात घेण्याआधी एक गोष्ट. जुन्या जपानी गाड्यांचे चौफुली खाचेचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरचे नसतात, ते जेआयएस या जपानी मापाचे असतात. दिसायला सारखेच, पण फिलिप्स त्यात पूर्ण बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. अडकलेल्या अर्ध्या स्क्रूंचं दुखणं एवढंच असतं. जेआयएसचे दोन चांगले स्क्रूड्रायव्हर आणि ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, ही पहिली खरेदी. त्यानंतर गंजावरचं तेल लावून रात्रभर वाट पाहायची तयारी. अॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे गेले तर ते परत करता येतात, पण न घालवणं केव्हाही सोपं.

आता मुख्य काम. विकणाऱ्याने मला सांगितलं होतं की कार्बोरेटर साफ केला की गाडी स्लो धरेल. असं सगळेच सांगतात, कारण कार्बोरेटर बाहेर असतो आणि काढायला सोपा असतो. मी त्याला हात लावण्याआधी इंजिनाची हवाबंदी तपासली, आणि तुम्हालाही हाच क्रम सांगेन.

टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या क्रँकभोवतीच्या बंद पेटीत येतं. पिस्टन खाली येताना ते तिथे दाबलं जातं आणि ट्रान्सफर पोर्टमधून वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस इथे पंपाचं काम करते, आणि पंप गळका असून चालत नाही. क्रँकचं एक टोक मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाच्या) बाजूला बाहेर येतं, दुसरं क्लचच्या बाजूला, आणि दोन्हीकडे ऑइल सील असतं. गाडी वर्षानुवर्षं शेडमध्ये उभी राहिली की सीलचं रबर कडक होतं. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं, मूठ सोडली तरी आवाज खाली येत नाही, आणि तसंच चालवत राहिलं तर पिस्टन सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं तेल इंजिनात जाऊन जळतं. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि गिअर ऑइल कुठेही न सांडता कमी होत असेल, तर तिकडे पाहा.

हे तपासायला महागडं काही लागत नाही. एक्झॉस्ट आणि इनटेक (धूर बाहेर जायचं आणि मिश्रण आत यायचं तोंड) रबरी बूच लावून बंद करायचे. एका बुचातून नळी काढून तिला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल जोडायची. ३०० मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे जवळजवळ ६ पीएसआय, आणि या चाचणीला तेवढाच हवा. त्याहून जास्त भरलं तर चांगलं सीलही जागचं हलेल. मग डायलकडे पाहत बसायचं. काटा काही मिनिटं जागेवर राहिला तर उत्तम. उतरायला लागला की ब्रशने साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे शोधायचे. मॅग्नेटच्या बाजूचं सील दिसण्यासाठी फ्लायव्हील (मॅग्नेटचं फिरणारं चाक) काढावं लागतं, आणि ते त्याच्या पुलरनेच काढायचं, हातोडीने नाही. माझ्या इंजिनात बुडबुडे दोन ठिकाणी आले, मॅग्नेटच्या सीलभोवती आणि सिलिंडरच्या तळाच्या पॅकिंगपाशी. कार्बोरेटर आयुष्यभर साफ करत बसले असते तरी ती गाडी स्लोवर राहिली नसती. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा नंतर गाडी चालू झाली तेव्हाही झाला नाही, हे अगदी खरं सांगते. कुणीतरी अंदाजाने सांगितलेलं कारण बाजूला पडलं आणि खरं कारण बुडबुड्यांच्या रूपात डोळ्यांसमोर होतं.

हवाबंदी झाली की टायमिंग. या गाडीला पॉइंट असतात, म्हणजे उघडले की ठिणगी पाडणारा छोटा स्विच. पॉइंटची कॅमवर घासणारी टाच झिजते तसा गॅप कमी होतो आणि ठिणगी उशिरा पडायला लागते. आधी गॅप ०.३ ते ०.४ मिलिमीटरमध्ये आणायचा, मग प्लगच्या भोकात डायल गेज लावून पिस्टन वरच्या टोकाच्या किती आधी असताना पॉइंट उघडतात ते मोजायचं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवायचं. उघडण्याचा नेमका क्षण पकडायला जुनी युक्ती अजून चालते: पॉइंटमध्ये अगदी पातळ कागदाची पट्टी धरून हलकेच ओढत राहा आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवा. पट्टी सुटली की पॉइंट उघडले.

यानंतरच कार्बोरेटर. त्यातला पायलट जेट हा स्लोचा मालक. त्याचं भोक इतकं बारीक असतं की उजेडासमोर धरल्याशिवाय आरपार आहे की नाही कळत नाही. त्यात तार घालू नका, भोक मोठं झालं की माप गेलं. क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो, नाही तर नवा जेट घ्या, फार महाग नसतो.

सिलिंडर मोजून घ्या. मध्ये झिजलेला असेल तर बोअर करावा, म्हणजे आतून किंचित मोठा करून घ्यावा लागतो, आणि इथे एक नियम कोल्हापूरच्या उद्यमनगरात जसा ऐकला तसाच यॉर्कशरच्या वर्कशॉपमध्येही ऐकला: पिस्टन आधी आणा, बोअर मग मारू. ओव्हरसाइज पिस्टनवर छापलेलं माप आणि हातात आलेला पिस्टन यांत केसभर फरक असू शकतो, म्हणून बोअर त्या पिस्टनलाच जुळवायचा. गजन पिनच्या (पिस्टनमधून जाणाऱ्या खिळीच्या) सर्क्लिप, म्हणजे ती जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्या, नेहमी नव्या. जुनी परत बसवून वाचतात ते पैसे फुटलेल्या सिलिंडरमध्ये जातात.

चाकांचं थोडक्यात सांगते. पुढे २१ इंची, मागे १८ इंची. आरे घट्ट करून चाकाचा आउट (फिरताना येणारी डगमग) काढणं हे धीराचं काम आहे आणि ते घरी जमतं. हँडलच्या बेअरिंगमधल्या गोळ्या मात्र नव्या घालाच. हळू चालताना हँडल सतत इकडून तिकडे वळत असतं, बेअरिंग मध्येच अडत असेल तर तोल राहत नाही.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. रंग शेवटी, किंवा नाहीच. ही गाडी दगडांवर आपटणार आहे. रंगावर जाणारे पैसे सील, बेअरिंग आणि चांगल्या ट्रायल्स टायरांत घाला. शोभेसाठी उभी केलेली ट्रायल्स मोटरसायकल पाहून मला वाईट वाटतं.

पेट्रोलकडे मात्र लक्ष हवं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साधं पेट्रोल ई१० झालं, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. भारतात तर ई२० आलं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, जुने रबर फुगवतं, आणि जुन्या स्पॅनिश गाड्यांच्या फायबरग्लास टाक्या आतून विरघळवतं; तो चिकट गाळ थेट कार्बोरेटरात येतो. मी ई५ वापरते आणि गाडी उभी ठेवताना कार्बोरेटर रिकामा करते. माझ्या गाडीचा ऑइल पंप आधीच्या मालकाने काढून टाकलेला आहे, त्यामुळे तेल पेट्रोलमध्येच मिसळते, ५०ला १, म्हणजे ५ लिटरला १०० मिली.

खर्चाचंही सगळे विचारतात. चालती गाडी विकत घेणं जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, त्यामुळे पैसे वाचवायला हे काम करू नका. पण ज्याने सील स्वतः बसवलं आहे त्याला डोंगरात गाडीचा आवाज बदलला की कारण कळतं, आणि इथल्या ओढ्यांत मोबाइलला रेंज नसते.

महाराष्ट्रातून विचारणाऱ्यांना ट्रायल्सची जुनी गाडी मिळणं अवघड आहे, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे आरएक्स १०० किंवा येझदी असेल तर क्रम हाच ठेवा: आधी हवाबंदी, मग टायमिंग, मग कार्बोरेटर, आणि बोअर मोजल्याशिवाय बोअर मारायला देऊ नका. आरएक्सवाल्यांनी चाचणीच्या वेळी बूच इनटेकच्या रबरी जॉइंटच्या बाहेरच्या तोंडाला लावावं, म्हणजे तो जॉइंटही तपासला जाईल. वरून धड दिसतो, पण वाकवला की खालच्या बाजूला चिरा उघडतात.