तुम्ही विचारलंत म्हणून: साल मी का सांगत नाही

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, व्याख्यानानंतर चहा घेताना, प्रश्न तोच. "मॅडम, अमेरिका संपली ना? चीन कधी पुढे जाणार? अंदाजे साल तरी सांगा." मी सांगत नाही, म्हणून लोकांना वाटतं, इतिहास शिकवूनही बाई अंग काढून घेतायत. तर एकदा सगळं सांगते.

ज्या सत्तांतराचे कागद आपल्यासमोर आहेत, त्यातसुद्धा साल सापडत नाही. ब्रिटनपेक्षा अमेरिकेची अर्थव्यवस्था मोठी झाली ती 19वं शतक संपायच्या आतच. तरी 1914 पर्यंत जगाचे व्यवहार मुख्यतः पौंडात आणि लंडनमार्फत चालत. पहिल्या महायुद्धाने ब्रिटनला अमेरिकेचा कर्जदार केलं, पण 1920मध्ये अमेरिकेच्या सेनेटने राष्ट्रसंघात, म्हणजे शांतता टिकवायला काढलेल्या 'लीग ऑफ नेशन्स'मध्ये, जायचंच नाकारलं. 1931मध्ये पौंड सोन्यापासून सुटला, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरल्या दराने सोनं द्यायचं ब्रिटनने थांबवलं. तेव्हा जगाला सावरायची ऐपत ब्रिटनकडे उरली नव्हती आणि ऐपत असलेल्या अमेरिकेला ते करायचं नव्हतं. त्या दशकात काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे: महामंदी, आणि शेवटी दुसरं महायुद्ध. म्हणून 'कोण पुढे जाणार' यापेक्षा 'मधल्या काळात कोणीच नसलं तर' याची मला जास्त भीती वाटते.

1947चा उन्हाळा तर मी दरवर्षी वर्गात जीव तोडून शिकवला. अमेरिकेने ब्रिटनला 375 कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, 2 टक्के व्याजाने. अट अशी, की व्यापारातून मिळणाऱ्या पौंडाच्या बदल्यात मागेल त्याला डॉलर द्यायचे. 15 जुलैला ते सुरू झालं आणि जो तो पौंड देऊन डॉलर मागायला लागला. 20 ऑगस्टला लंडनला ती खिडकी बंद करावी लागली. मधे पाच दिवसांपूर्वी आपल्याकडे तिरंगा चढला होता. युद्धात आपल्याकडून उचललेल्या मालाचे पैसे तेव्हा लंडनमध्येच पौंडात अडकलेले होते. युद्धानंतर जगाचे पैशाचे व्यवहार कसे चालायचे हे ठरवणारी, डॉलरला मध्यभागी बसवणारी परिषद 1944मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला झाली. तिथे आपल्या शिष्टमंडळाने, ज्यात रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, तो विषय काढला होता. परिषदेने तो स्वीकारला नाही. साम्राज्य खचतं तेव्हा त्याचे सावकारही अडकतात, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आले. स्वतः मात्र विसरले.

मार्च 2009. तालुक्याच्या गावी माझं व्याख्यान होतं. अमेरिकेतल्या बँका कोसळत होत्या आणि मी ठासून सांगितलं, की डॉलरचं राज्य फार तर पाच वर्षं. टाळ्या पडल्या. खाली उतरले तर एक गृहस्थ मुलीला घेऊन थांबलेले. तिला अमेरिकेत एमएससाठी प्रवेश मिळाला होता. शेत गहाण टाकून कर्ज काढायचं चाललं होतं. "मॅडम, पाठवू का हिला?"

मी म्हणाले, "बुडत्या जहाजात कशाला बसवताय?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण मॅडम, वर्षापूर्वी डॉलर चाळीसला होता. आता पन्नाशी ओलांडली. बुडतोय तर महाग कसा होतोय?"

ही शेवटची धुगधुगी आहे, असं मी त्यांना सांगितलं. मुलगी माझ्याकडे बघत होती, एक शब्द बोलली नाही. ती गेली नाही.

त्या माणसाला जे दिसलं, ते मला दिसायला हवं होतं. आग अमेरिकेत लागली होती आणि जग पळत होतं ते डॉलरकडेच. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, एकूण 14 परदेशी मध्यवर्ती बँकांना डॉलर मिळायची सोय करून दिली होती. आपण त्यात नव्हतो. संकटात जग कोणाच्या दाराशी जातं, यावरून नेतृत्व ओळखायचं. 1947मध्ये लंडनच्या खिडकीशी तेच तर झालं होतं: रांग लंडनला, पण मागणी डॉलरची. मी आकडे वाचले, पण रांग कुठे लागलीय ते पाहिलं नाही.

कोणी म्हणेल, सल्ला घेणाऱ्याचीही जबाबदारी असते. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होते. पण शेताचा कागद हातात धरून कोणी विचारतं, तेव्हा ते इतिहास विचारत नसतं.

ती आता जिल्ह्याच्या ठिकाणी नोकरी करते. भेटली की नमस्कार करते. तो विषय तिने कधी काढला नाही, मीही नाही.

म्हणून मी साल सांगत नाही. तरी 2009ची मी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, 2022मध्ये रशियाच्या मध्यवर्ती बँकेची जवळपास 300 अब्ज डॉलरची गंगाजळी अमेरिका आणि युरोपने गोठवली. त्यानंतर कित्येक देशांच्या मध्यवर्ती बँका सोनं का साठवतायत? मी म्हणते, पण चीन आपलं चलन, युआन, सरहद्दीबाहेर मोकळं सोडत नाही. मग संकटात जग त्याच्या दाराशी कसं जाणार? ती म्हणते, अमेरिकेलाही 1920मध्ये ते ओझं नकोच होतं, 1944मध्ये घेतलंच ना?

यावर माझ्याकडे उत्तर नाही.