अण्णांच्या ओळीत

आमच्या वाडीतली माणसे आषाढीला जात नाहीत, कारण त्या दिवसांत भाताची लावणी अंगावर असते. आमची वारी माघीची. माझे वडील अण्णा 1990 साली पलटणीतून पेन्शनीवर आले, पुढच्याच माघात गुहागरहून निघणाऱ्या दिंडीबरोबर चालू लागले, आणि तेव्हापासून गेल्या वर्षापर्यंत त्यांची वारी चुकली नाही. भाद्रपदात ते गेले. दिंडीच्या वहीत टाळकऱ्यांच्या तिसऱ्या ओळीत त्यांचे नाव 'हवालदार' एवढेच लिहिलेले होते. या वर्षी त्या जागी मी चालले.

निघण्याच्या आदल्या रात्री आईने काळ्या ट्रंकेतून त्यांचे टाळ काढून माझ्या हातात दिले. टाळांची मूळची दोरी केव्हाच तुटली होती आणि तिच्या जागी अण्णांनी फौजी बुटाची हिरवी नाडी ओवली होती. तिच्या टोकाला अशी गाठ होती की नखाने ती हलतही नव्हती. पहाटे व्याडेश्वरासमोर वीणेकऱ्यांनी वीणा गळ्यात घेतली, जयघोष झाला, आणि पहिल्याच ठेक्याला माझा हात चुकला. मागून कोणीतरी हळूच म्हणाले, "होईल माउली, चालता चालता होईल."

शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर ही गावे माझ्या मनात एकमेकांत मिसळून गेली आहेत. पहाटेचा काकडा थंडीत कुडकुडत व्हायचा, नऊ वाजेपर्यंत मोहोराचा वास नाकात भरायचा आणि अकरानंतर डांबर तापायचे. चिपळूणचा मुक्काम एका शाळेत झाला, एवढेच आठवते.

आमच्या ओळीतले एक गृहस्थ मात्र पूर्ण वाटभर आठवतात. ते अण्णांबरोबर पुष्कळ वर्षे चाललेले होते, त्यांच्याविषयी मनापासून बोलत होते, आणि तरीही मला त्यांचा राग येत होता. "हवालदारांच्या पायाला कधी फोड आला नाही, एकाहत्तरची लढाई मारलेला माणूस तो," हे वाक्य त्यांनी पहिल्या दोन दिवसांत किती वेळा म्हटले असेल! तेराव्याला गावात जी भाषणे झाली त्यांतही लढाईच होती. ती खोटी नव्हती. अण्णा जंगी पलटणीतले, म्हणजे पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीतले. 1971 च्या डिसेंबरात ही पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून आताच्या बांगलादेशातल्या जामालपूरच्या मागच्या बाजूला जाऊन बसली, आणि 10 तारखेच्या रात्री वेढा फोडून निसटू पाहणाऱ्या 31 बलुच या पाकिस्तानी पलटणीने केलेले हल्ले तिने पहाटेपर्यंत परतवले. तेव्हा अण्णा एकवीस वर्षांचे होते. त्या रात्रीविषयी ते आमच्याजवळ कधीही बोलले नाहीत. मी शाळेत असताना एकदा हट्टच धरला, तेव्हा थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "नदीत भिजलेले बूट वाळले नव्हते, बाय. मोज्याबरोबर कातडी निघायची. पाय कोरडा असेल तर माणूस चालतो, आणि चालला तर घरी येतो." पुढे काहीही विचारू नये असा तो स्वर होता.

त्या वाक्याचा अर्थ आम्हांला लढाईच्या गोष्टींतून कळला नसता. तो त्यांच्या सुट्टीत कळला. दोन महिन्यांची रजा ते शक्यतो पावसाळ्यात घ्यायचे, कारण शेताला माणूस हवा असे. आम्ही भावंडे बांधावरून, चिखलातून शाळेला जात असू, आणि श्रावण लागेपर्यंत आमच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असत. संध्याकाळी अण्णा आम्हांला पडवीवर ओळीने बसवून गरम पाण्याने पाय धूत, जुन्या पंच्याचे टोक पिळून एकेका बोटामधली जागा टिपून काढत आणि मग मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, निखाऱ्यावर धरून, ते पाघळू लागले की बेताने लावत. आमचे झाले की आईची पाळी. दिवसभर लावणीत वाकलेली आई लाजून पाय आत ओढून घ्यायची, कारण समोरून येणारे-जाणारे बघत आणि हसत. त्या काळी आमच्या वाडीत बायकोच्या पायाला हात लावणारा दुसरा पुरुष मी पाहिला नाही. अण्णा मान वर न करता म्हणत, "पाय इकडे."

हे तेराव्याला कोणी बोलले नाही. मीही बोलले नाही, कारण मला बोलता आले नाही.

चौथ्या दिवशी दुपारी, पिंपळी सोडून शिरगावकडे जाताना, माझ्या डाव्या टाचेचा फोड फुटला आणि उजव्या चवड्याखाली दुसरा, रुपयाएवढा, टरारून आला. पावलागणिक कळ मस्तकात जात होती. ते गृहस्थ वळून म्हणाले, "हवालदारांची मुलगी ना तुम्ही?" मी काही उत्तर दिले नाही. टाळ पदराखाली घेतले आणि ओळ सोडून कडेच्या दगडावर बसले. दिंडी पुढे गेली. जयघोष वळणापलीकडे ऐकू येईनासा झाला, आणि मला विठ्ठलाचा, दिंडीचा, अण्णांचाही राग आला. मला हे सगळे करायला लावून ते निघून गेले, असे वाटत राहिले.

रस्त्याखालच्या घरातून एक म्हातारी वर आली. सत्तरीपलीकडची असावी. तिने नाव, गाव काही विचारले नाही. "दगडावर काय बसलीस गो? चल खाली," म्हणाली आणि माझी पडशी उचलून चालूही लागली. तिच्या पडवीवरून वाशिष्ठी ऐकू येत होती. कोयनेचे पाणी पोफळीला वीज करून याच नदीत सोडतात, म्हणून माघातही तिला पाणी असते. काकींनी घंगाळात गरम पाणी आणून त्यात मूठभर मीठ टाकले आणि माझे पाय आत बुडवले. मी संकोचाने पाय मागे घेतला, तर त्यांनी घोट्याला धरून पुन्हा आत ठेवला. मग हळदीत भिजवलेला दोरा सुईत ओवून त्यांनी फोडातून आरपार काढला आणि दोन्ही बाजूंना बोटभर टोके सोडून तो आतच राहू दिला. "पाणी झिरपू दे. कातडी सोलू नको, तीच तुझी पट्टी." टाचेच्या भेगांसाठी त्यांनी चुलीजवळच्या डब्यातून मुठेलाचा पांढरा गोळा काढला आणि निखाऱ्यावर धरला.

तो वास आल्यावर मला रडू आवरले नाही. भाद्रपदात मी रडले नव्हते, कारण आईला सांभाळायचे होते. काकींनी माझ्याकडे पाहिले, पण काम थांबवले नाही. त्यांचे हात खरखरीत होते, नखांत हळद भरलेली होती. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने माझ्या बोटांमधल्या जागा टिपल्या, एकेक करून, आणि म्हणाल्या, "आता सुके झाले. जा, संध्याकाळपर्यंत गाठशील." पैसे त्यांनी घेतले नाहीत, फक्त टाळांना हात लावून तो कपाळाला लावला.

हरिपाठाच्या वेळी मी दिंडी गाठली. त्या गृहस्थांनी सरकून जागा दिली आणि नंतर पंगतीत आपल्या पानातला गूळ माझ्या भाकरीवर ठेवला. माझा राग त्यानंतर टिकला नाही. कुंभार्ली घाट दोरा तसाच ठेवून चढले. पाटण, कराडचा प्रीतिसंगम, विटा, आटपाडी मागे पडत गेली. टाळांचा ठेका कुठल्या दिवशी जमला ते सांगता येणार नाही. दशमीला कळस दिसला. एकादशीच्या रांगेत रात्र गेली, आणि ज्या चरणांवर अण्णांनी एवढी वर्षे डोके ठेवले तिथे मला डोके ठेवायला श्वासभर वेळ मिळाला. मी मागितले काही नाही. अण्णांचे नाव घेतले, इतकेच.

परतताना एसटी कुंभार्ली घाट उतरून आली, तेव्हा मी शिरगाव मागे पडताच उतरले. पिशवीत बुक्का, चुरमुरे आणि तुळशीची एक माळ होती. काकी पडवीवर कुळीथ पाखडत होत्या. मी वाकून नमस्कार करणार, तर त्यांनी सूप बाजूला ठेवले आणि माझा हात धरून मला पायरीवर बसवले.

"प्रसाद मागाहून," त्या म्हणाल्या. "पाय इकडे."